लांब रात्री आणि गावाची राखण

दिवाळी सरली की साखर कारखान्यांचे गळीत सुरू होते आणि त्याच सुमारास पोलीस ठाण्यांतून ग्रामसुरक्षा दलांच्या बैठकांचे निरोप निघू लागतात. चावडीवर किंवा मंदिराच्या सभामंडपात बैठक होते, तरुण मुलांची नावे लिहून घेतली जातात, काठ्या, शिट्ट्या, बॅटऱ्या येतात, गस्तीच्या पाळ्या लागतात. दहा-पंधरा दिवस गस्त जोरात चालते. मग थंडी वाढते, एकेक जण गळतो आणि पुढची चोरी होईपर्यंत दल कागदावरच राहते. काही गावांत याच्या उलट घडते. दल इतके तापते की रस्त्याने जाणारा प्रत्येक अनोळखी माणूस त्याला चोर दिसू लागतो. या दोन्ही प्रकारांचे मूळ एकच आहे, असे मला वाटते. दलाचे काम चोर पकडणे आहे, अशी समजूत आपण करून घेतली आहे. गावाने करायचे काम त्याआधीचे आहे: गल्लीत कोण राहते, कोण परगावी गेले, कोण नव्याने आले हे ठाऊक असणे आणि वावगे काही दिसले तर ते वेळेत योग्य ठिकाणी कळवणे. धरपकड हे पोलिसांचे काम आहे आणि ते त्यांच्याकडेच राहिले पाहिजे. हिवाळ्याची सगळी तयारी या एका भेदावर उभी करावी, असे माझे म्हणणे आहे.

आधी हिवाळाच का, ते पाहू. जूनच्या अखेरीस पुण्याच्या आसपास रात्र पावणेअकरा तासांची असते, डिसेंबरच्या अखेरीस ती तेरा तासांची होते. अंधाराचे दोन तास वाढले एवढाच याचा अर्थ नाही. उन्हाळ्यात माणसे अंगणात, गच्चीवर, ओट्यावर झोपतात, खिडक्या सताड उघड्या असतात, अकरा-साडेअकरापर्यंत गल्लीत कोणी ना कोणी बोलत बसलेले असते. कोणी नेमलेला नसतानाही हा पहारा आपोआप चालू असतो. थंडी पडली की तो उठतो. आठ वाजता दारे लागतात, साडेनऊपर्यंत गाव गोधडीत शिरते आणि पहाटेची तीन ते पाचची वेळ पूर्ण निर्मनुष्य होते. त्यातच दिवाळीची सुटी, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, जत्रा, देवदर्शनाच्या सहली यांमुळे कुलूपबंद घरांची संख्या वाढते. रब्बीच्या पाण्यासाठी माणसे रात्री शेतात जातात आणि घरी म्हातारी माणसे व लहान मुले उरतात. गस्त घालणारे कमी पडतात हे खरे असले, तरी त्याहून मोठी उणीव गल्लीचे लक्ष कमी झाल्याची आहे. ते लक्ष परत कसे जागे करायचे, हा हिवाळ्याचा खरा प्रश्न आहे.

'हे पोलिसांनी बघावे, आम्ही कर कशाला भरतो?' हा पहिला आक्षेप ठरलेला असतो आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. ग्रामीण भागात एका ठाण्याच्या हद्दीत चाळीस-पन्नास गावे असणे नवीन नाही. रात्रीच्या गाडीने सगळ्या गावांतून फेरी मारायची म्हटले तर एका गावाच्या वाट्याला फार तर काही मिनिटे येतात. मनुष्यबळ वाढवा, ही मागणी गावकऱ्यांनी जरूर लावून धरावी. पण नुसत्या फेऱ्या वाढवून काय साधते, याचा एक प्रयोग अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये वर्षभर झाला. तिथल्या पोलिसांनी पंधरा बीटचे तीन गट केले. काही बीटमधली नेहमीची गस्त बंद केली, काहींत ती आधीसारखीच ठेवली, तर काहींत दोन-तीन पटींनी वाढवली. वर्षाच्या शेवटी गुन्ह्यांत म्हणावा असा फरक पडला नाही आणि लोकांच्या मनातल्या भीतीतही पडला नाही. या प्रयोगावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण गाडी कुठे न्यायची हे सांगणारा कोणी नसेल तर गाडीच्या फेऱ्यांना फारसा अर्थ उरत नाही, एवढे तरी त्यातून घेता येते. ते सांगणारा माणूस गावातच असतो. बीट अंमलदाराने गावात कितीदा यावे हे आपल्या हाती नाही, पण तो आला की त्याला काय कळावे हे मात्र आपल्या हाती आहे.

पोलीस आणि वस्ती यांची रोजची ओळख किती उपयोगी पडते, याचा महाराष्ट्रातला पुरावा भिवंडीत आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे यंत्रमागांचे शहर होरपळले होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसे आणि त्या भागाचे पोलीस नियमाने एकत्र बसत. शांततेवर भाषणे देण्यापेक्षा ते नळाचे भांडण, गटाराचा वाद, पोरांची मारामारी असे किरकोळ तंटे मिटवत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा तिच्या शेजारचे भिवंडी शांत राहिले. रात्री अफवा उठली तर कोणाला विचारायचे हे तिथल्या माणसाला ठाऊक होते आणि ज्याला विचारायचे त्याचा चेहरा ओळखीचा होता. याच भिवंडीत २००६ साली पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला आणि जमावाच्या हिंसाचारात दोन पोलीस मारले गेले. यावरून समित्यांचा प्रयोग फसला, असे कोणी म्हणेल. मला त्यात वेगळे दिसते. एकदा जमलेला विश्वास आपोआप टिकत नाही, अधिकारी बदलला आणि बैठका थांबल्या की तो आटतो. म्हणून हिवाळ्यापुरते दल उभारून चालत नाही. महिन्याला एक बैठक आणि तिला बीट अंमलदार हजर, एवढा नेम बारा महिने पाळला तरच डिसेंबरात त्याचा उपयोग होतो.

आता हात घालण्याबद्दल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे, मंगळवेढ्याकडचे लोक होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचलेजवळ दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची अशीच हत्या झाली. चोर फिरत असल्याच्या अफवेने त्या भागात लोक रात्री जागत होते. तिथल्या माणसांनाही आपण गावाची राखणच करत आहोत असे वाटत होते, ही यातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे. हातात काठी, मनात भीती, मोबाइलवर आलेला संदेश आणि खात्री करून घ्यायला जागाच नाही, एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की चांगली माणसेही खुनी होतात. २०२४ मध्ये मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्यात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या चर्चेने गावेच्या गावे जागी राहू लागली, तेव्हाही हाच धोका दाराशी होता. म्हणून दल उभारताना पहिला नियम असा करावा: दलातला कोणीही कोणाच्या अंगाला हात लावणार नाही, कोणाची झडती घेणार नाही, कोणाला बांधून ठेवणार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिक पकडू शकतो. मात्र त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. कोणी नुसता संशयास्पद वाटला म्हणून हा अधिकार मिळत नाही. मारहाणीचा अधिकार तर कोणालाच नाही.

'मग चोर समोरून पळताना बघत बसायचे काय?' असे तरुण विचारतात आणि त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. बघत बसायचे नाही, पण करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. दिवे लावा, शिट्टी वाजवा, आरडाओरडा करा, कारण घरफोड्याला उजेड आणि आवाज सोसत नाही. गाडीचा नंबर, रंग, माणसे किती, कोणत्या दिशेला गेली हे टिपा. ११२ वर फोन लावा आणि गावाचे नाव, जवळची खूण, घडलेली गोष्ट या क्रमाने सांगा. ग्रामसुरक्षा यंत्रणेत ज्या गावांची नोंदणी झालेली आहे, तिथे १८००२७०३६०० या क्रमांकावर बोललेला निरोप परिसरातल्या नोंदलेल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी जातो. पुढच्या गावचा पोलीस पाटील जागा झाला की पळणाऱ्या गाडीची वाट बंद होऊ शकते. पाठलाग करून तुमच्यातला एखादा जखमी होण्यापेक्षा हा फोन कितीतरी अधिक कामाचा आहे. व्हॉट्सॲप गटासाठी मात्र एक शिस्त हवी. 'चोर आले आहेत', 'टोळी फिरते आहे' असला मजकूर कोणीही टाकायचा नाही. आधी पोलीस पाटलाला किंवा ठाणे अंमलदाराला फोन करायचा, त्याने खात्री केली की त्याच्याच नावाने निरोप टाकायचा. बाहेरगावचे फोटो आणि चित्रफिती तर थेट बंद.

'संशयित' कोणाला म्हणायचे, हा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्यावर गावात मोकळेपणी बोलणे जरूर आहे. हिवाळा हा महाराष्ट्रात परक्या माणसांचा मोसम आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात उतरतात, मेंढपाळांचे वाडे फिरत असतात, बहुरूपी, गोसावी, वैदू, भंगार गोळा करणारे येतात. यातल्या कित्येक जमातींवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का गावाच्या नजरेतून अजून पुसलेला नाही. चोरी झाली की पहिली बोटे पालांकडे वळतात. हा अन्याय आहेच, शिवाय तपासाच्या दृष्टीने ती आंधळी वाट आहे. ज्याला गावातली कुलूपबंद घरे, डीपीच्या जागा, दूध घालायला कोण कधी येते याची माहिती आहे, त्याच्याकडे मग कोणी पाहतच नाही. नजर माणसाच्या पोशाखावर न ठेवता कृतीवर ठेवा. दोन रात्री एकाच बंद घरासमोर थांबलेली नंबर झाकलेली गाडी ही कळवण्यासारखी गोष्ट आहे. पालातल्या माणसाने गावात फिरणे ही नाही.

यावर उपाय ओळखीचाच आहे. ऊसतोडीची टोळी फडात उतरली की पहिल्या आठवड्यात दलातल्या दोघांनी पोलीस पाटलाला घेऊन अड्ड्यावर जावे, मुकादमाचे नाव आणि नंबर घ्यावा, आपला नंबर द्यावा. टोळीतल्या प्रत्येक कोयत्याची, म्हणजे जोडप्याची, माहिती मुकादमाला असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे टोळीलाही राखणीची गरज आहे. पहाटे तीन-चारला माणसे फडात जातात तेव्हा कोपीत लहान मुले एकटी मागे राहतात, बायकांना अंधारात उघड्यावर जावे लागते, मुक्कामावर दिवा नसतो. चार-पाच महिने आपल्या शिवारात राहणारी ही माणसे रहिवासीच आहेत. अड्ड्यावर एक दिवा, टोळीतला एक माणूस दलात आणि बायकांना फोन करण्यासाठी गावातल्या एखाद्या आशाताईचा किंवा अंगणवाडीताईचा नंबर, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडेल. दलात स्त्रिया असाव्यात हेही इथेच सांगतो. गल्लीत दिवसभर काय चालते हे त्यांना पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असते आणि त्या असल्या की दलाला हुल्लडीचे रूप येत नाही.

घराच्या बाबतीत करण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या नीट करायला हव्यात. चोरीच्या बातमीत 'कडी-कोयंडा तोडून' हे शब्द आपण वर्षानुवर्षे वाचतो, तरी कोयंड्याकडे कोणी पाहत नाही. पाचशे रुपयांचे कुलूप ज्या कोयंड्याला लटकते, तो चौकटीत बहुधा अर्ध्या इंचाच्या दोन-तीन स्क्रूंवर बसवलेला असतो. कटावणीच्या एका हिसक्यात स्क्रू लाकडासह बाहेर येतात आणि कुलूप शाबूत राहते. सुताराकडून कोयंडा आरपार बोल्टने बसवून घ्यावा, नट दाराच्या आतल्या बाजूला यावा. शक्य असेल तर बाहेरून न दिसणारे आतले कुलूप बसवावे, म्हणजे घर बंद असल्याची जाहिरात होत नाही. दुसरी गोष्ट बाहेरच्या कडीची. घर फोडण्याआधी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या लावून टाकण्याची चोरांची जुनी रीत आहे. जाग आली तरी कोणी बाहेर पडू नये, हा तिच्यामागचा हेतू. रात्री आतून दार लावण्यापूर्वी बाहेरच्या कडीत, ती उघडी असताना, एक छोटे कुलूप अडकवून ठेवले की ती सरकत नाही. आणि पलीकडच्या आळीतल्या एका घराचा फोन नंबर उशाशी हवाच, कारण शेजारीही तुमच्यासारखाच कोंडलेला असू शकतो.

गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जा, हा सल्ला सगळे देतात. त्यात थोडी भर घालतो. दूध आणि वर्तमानपत्र बंद करा, ओट्यावरचा दिवा रोज लावण्याचे काम कोणाकडे तरी सोपवा, सोने घरात ठेवू नका आणि सहलीचे फोटो परत आल्यावर टाका. बंद घरांची यादी दलाकडे असावी, पण ती फक्त पोलीस पाटलाच्या वहीत असावी. तीनशे जणांच्या गटावर ती गेली तर चोराला घरपोच माहिती दिल्यासारखे होईल. ज्या गावांतून माणसे ऊसतोडीला जातात, तिथे तर अर्धे गाव हिवाळाभर बंद असते आणि उरलेली राखण म्हाताऱ्यांवर पडते. तिथे पाच-सहा घरांमागे एक जण नेमून सकाळ-संध्याकाळ नुसती चौकशी केली, तरी चोरीइतकाच आजारपणाचाही धोका कमी होतो.

कॅमेरे बसवले की हे सारे करण्याची गरज उरत नाही, असे आजकाल ग्रामपंचायतींना वाटते. कॅमेरा उपयोगी आहे, तपासात तर फारच. पण तो झाल्यानंतरची गोष्ट सांगतो. रात्री त्याकडे पाहणारा कोणी नसतो, दव आणि धूळ बसून काच धुरकटते, आणि चित्रण साठवणारा डीव्हीआर दर्शनी खोलीत ठेवलेला असेल तर चोर तोही उचलून नेतात. तो आतल्या खोलीत कुलपात ठेवावा, गावात येणाऱ्या-जाणाऱ्या दोन रस्त्यांवर गाडीचा नंबर वाचता येईल असे कॅमेरे बसवावेत आणि दर आठवड्याला कोणीतरी ते चालू आहेत ना हे पाहावे. त्याच पैशातून बंद पडलेले पथदिवे आधी लावून घेतले तर अधिक बरे. शिवारातली मोटार, केबल, डीपीतले तांबे यांच्या चोऱ्या होतात तिथे कॅमेरा पोचतही नाही. तिथे मोटारीवर आणि केबलवर आपली खूण कोरून ठेवणे, पावती व क्रमांकाचा फोटो जपणे आणि रात्री पाण्याला जाणाऱ्यांनी एकमेकांच्या विहिरीवर नजर टाकणे हेच चालते. भंगारवाल्याकडे सापडलेली केबल आपली आहे हे सिद्ध करता न आल्याने कितीतरी प्रकरणे पुढे सरकत नाहीत.

हिवाळ्यातला जीवघेणा धोका चोराचाच असतो असे नाही आणि ओळखीचे हेच जाळे इथेही कामाला येते. उसाने भरलेली ट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी राहते, मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने किंवा लोंबत्या वाढ्यांनी झाकलेला असतो आणि धुक्यात दुचाकीस्वार तिच्यावर आदळतो. मळीने माखलेला रिफ्लेक्टर फडक्याने पुसायला अर्धे मिनिट लागते. दलाची गस्त रस्त्यावर असेलच तर तिने हे काम करावे, उभ्या ट्रॉलीमागे बॅटरी घेऊन थांबावे आणि दगड लावून सोडलेले रस्ते सकाळपर्यंत मोकळे करावेत. गॅस गिझर स्नानगृहाच्या आत बसवू नये. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला रंग नसतो की वास नसतो, आणि चक्कर येते आहे हे कळेपर्यंत दार उघडण्याची ताकद उरत नाही. दारे बंद करून शेगडी पेटवून झोपण्याचेही तेच. जुन्नर-आंबेगाव-शिरूरच्या पट्ट्यात ऊस तुटू लागला की बिबट्यांचा आसरा हलतो. तिथे रात्री एकट्याने वाकून काम करू नये, मुलांना अंधार पडण्याआधी आत घ्यावे आणि बिबट्या दिसला तर गर्दी न करता वनविभागाला १९२६ वर कळवावे. संक्रांतीच्या आधी नायलॉन मांजा कोणत्या दुकानात विकला जातो हे मुलांना नेमके माहीत असते. ते ठाण्याला कळवणे हीदेखील राखणच आहे.

एवढे करूनही चोरी होऊ शकते. तेव्हा घरात गर्दी करू नका, कपाटाला हात लावू नका, ठसेतज्ज्ञ येईपर्यंत थांबा. तक्रार घ्यायला 'ही आमची हद्द नाही' असे कारण कोणतेही ठाणे देऊ शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते. मात्र तशी पाठवली तर तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. आणि एकदा चोरी झाली, आता इकडे कोणी फिरकणार नाही, असे समजू नका. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८६ नंतर याचा अभ्यास झाला. एकदा फोडलेले घर लवकरच पुन्हा फोडले जाण्याची शक्यता इतर घरांपेक्षा पुष्कळ जास्त असल्याचे तिथे दिसले. म्हणून फोडलेल्या घराची दारे-कड्या लगेच पक्क्या केल्या, चोरांना खुणावणारे नाण्यांचे वीज-गॅस मीटर काढले आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांना त्या एका घरावर लक्ष ठेवायला सांगितले. घरफोड्या झपाट्याने उतरल्या. आपल्याकडे चोरीनंतर सगळे गाव आठ दिवस जागते आणि मग झोपते. त्याऐवजी त्या घराभोवतीच्या सहा घरांनी पुढचे दीड-दोन महिने पाळी लावावी, पहिल्याच दिवशी सुतार बोलवावा आणि बीट अंमलदाराला आठवड्यातून एकदा त्याच ओट्यावर चहाला बोलवावे.